व्यसनाची आत्मकथा वाचताना काय घ्यायचं आणि काय पुस्तकातच ठेवायचं

व्यसनातून उठलेल्या माणसानं मोकळेपणानं लिहिलेली आत्मकथा व्यसनात बुडालेला माणूस सहसा वाचत नाही. ती वाचते त्याची बायको, आई, बहीण, कधी कॉलेजात शिकणारा मुलगा. वाचणाऱ्याला हवं असतं एकच उत्तर: आमचा माणूस यातून कसा सुटेल? पुस्तकात त्या उत्तरासारखं दिसणारं बरंच काही सापडतं आणि घोळ तिथंच होतो. पिणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं हे अशा पुस्तकाइतकं खरं दुसरीकडे कुठं मिळत नाही. पण दारू कशी थांबवायची, किती दिवस काढायचे, कुठलं औषध द्यायचं, हे त्यातून शिकायला गेलात तर जीव जाऊ शकतो. माणूस समजून घ्यायला पुस्तक, उपचाराला डॉक्टर, ही वाटणी सुरुवातीलाच मनाशी पक्की करा.

पुस्तक मिळवायला आपल्याकडे अडचण नाही. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या वाचनालयांत आत्मचरित्रांचं कपाट असतंच. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथं घरोघरी ठेवलेली पुस्तकं फुकट बसून वाचता येतात. असलं पुस्तक घरात सापडलं तर भांडण होईल अशी भीती असेल, तर वाचनालयातच बसून वाचलेलं बरं.

गोष्टीचा साचा ओळखा

१९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूनं मोडलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिच्या मीटिंगमध्ये माणूस उठून तीन गोष्टी सांगतो: मी कसा होतो, काय घडलं, आता कसा आहे. आपल्याकडे १९८६ साली पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथंही सोबतच्या रुग्ण-मित्रांसमोर मन मोकळं करणं हा उपचाराचा भाग आहे. लिहिणारे बरेचसे या वाटेनं आलेले असतात, म्हणून पुस्तकंही त्याच तीन भागांत पडतात: घसरण, तळ आणि चढण.

यात तळ सगळ्यात घातक. नोकरी गेली, शेत गेलं, बाप वारला तेव्हा हा गुत्त्यावर होता, आणि मग एका पहाटे डोळे उघडले. वाचताना अंगावर काटा येतो आणि घरच्यांच्या मनात एक समजूत घर करते: याचा तळ अजून आला नाही, आला की सुटेल आपोआप. असं काही नसतं. तळ गाठल्याशिवाय उपचार लागू पडत नाहीत हे खरं नाही. नोकरी, घर, यकृत शाबूत असताना आलेल्या माणसाच्या हाताशी सावरायला जास्त गोष्टी असतात. शिवाय तळाला गेलेले सगळे काही परत येत नाहीत. जे आले त्यांनी लिहिलं, बाकीच्यांची पुस्तकं नाहीत.

किती प्यायला, हे ग्रॅममध्ये मोजा

भाषांतरित पुस्तकात कुणी दिवसाला बारा ड्रिंक्स घेतो, कुणी आठवड्याला साठ युनिट. त्या आकड्यांशी आपल्या माणसाची तुलना करायची तर आधी माप एक करायला हवं. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ब्रिटनमधलं युनिट ८ ग्रॅमचं. आपल्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. मिलिलिटर गुणिले टक्के भागिले शंभर, आणि आलेल्या उत्तराला ०.७९ नं गुणा, की झाले ग्रॅम. ३० मिलिलिटरचा पेग साधारण १० ग्रॅम भरतो आणि १८० ची क्वार्टर ६० ग्रॅम. म्हणजे बारा अमेरिकन ड्रिंक्स झाल्या जवळपास पावणेतीन क्वार्टर.

‘बिअरच तर घेतो’ हे वाक्यही याच मापानं तपासा. ८ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बाटली ४१ ग्रॅमची होते, क्वार्टरच्या दोन तृतीयांश. अशा दोन बाटल्या घेणारा माणूस क्वार्टरवाल्यापेक्षा जास्त पितो.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं. अंघोळ, लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, कशानंही हा वेग वाढत नाही. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी सहालाही रक्तात असू शकते. पहाटेच्या पाळीला साखर कारखान्यावर मोटारसायकलवरून जाणाऱ्यानं आणि त्याला वाटेला लावणाऱ्या घरानं हे गणित ध्यानात ठेवावं.

आठवत नाही, हे खरंच असतं

‘त्या रात्रीचं मला काही आठवत नाही’ हे वाक्य जवळपास प्रत्येक पुस्तकात येतं. घरच्यांना ते सोंग वाटतं. कारण त्या रात्री हा चालत होता, बोलत होता, शिव्या देत होता, गाडी चालवत घरी आला होता.

दारू भराभर चढली की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नव्या आठवणी साठवणं थांबवतो. बाकीचा मेंदू कसाबसा काम करत राहतो. माणूस शुद्धीवर दिसतो, पण नोंद होत नाही. आणि जे नोंदलंच गेलं नाही ते नंतर कितीही आठवण करून दिली तरी परत येत नाही. कधी तुकडे उरतात, कधी संध्याकाळी सातनंतरचं सगळं कोरं. बेशुद्ध पडणं वेगळं आणि हे वेगळं. उपाशीपोटी आणि घाईनं पिणाऱ्याला हे जास्त होतं.

म्हणून आत्मकथेतल्या अशा रात्रीचं वर्णन बारकाव्यांनिशी आलं असेल, तर ते बायकोनं, भावानं, पोलिसानं सांगितलेल्यावरून लिहिलंय असं धरा. प्रामाणिक लेखक तसं सांगतोही. आणि घरी सकाळी ‘काल काय केलंस, सांग’ म्हणून तासभर उलटतपासणी घेण्यात अर्थ नसतो. काय घडलं ते आपणच दोन वाक्यांत सांगावं, तो पूर्ण उतरलेला असताना. आठवत नाही म्हणून जबाबदारी टळत नाही, हेही त्यातच आलं.

हातात पेन्सिल घेऊन वाचायचं ते इथं

डॉक्टर दारूवरचं अवलंबित्व ठरवतात तेव्हा सहा खुणा पाहतात आणि गेल्या वर्षभरात त्यांतल्या तीन एकत्र दिसल्या तर निदान करतात. तीव्र तलफ. कधी सुरू करायचं, किती घ्यायचं, कधी थांबायचं यावरचा सुटलेला ताबा. न मिळाल्यास थरथर, घाम, बेचैनी. तेवढीच नशा यायला वाढत जाणारं प्रमाण. शेती, मुलं, मित्र, तालीम, भजन असं एकेक मागं पडत जाणं. आणि नुकसान दिसत असूनही चालू राहणं.

पुस्तकाच्या समासात या सहांचे आकडे टाकत जा. लेखक या खुणांची नावं घेत नाही, पण त्या पानोपानी असतात. दुसरी खूण बघा. ऊसबिलाचे पैसे खात्यात आले, त्यानं मनाशी ठरवलं की आज नव्वदच घ्यायची आणि साडेसातला घरी. बसला, नव्वद संपली, आणि ठरवणारा माणूस जणू उठून गेला. लोक याला हावरेपणा म्हणतात. आत्मकथा वाचल्यावर कळतं की ठरवताना तो खोटं बोलत नव्हता. बायकोला दिलेला शब्द त्या घटकेला खरा होता. पहिला पेग पोटात गेल्यावर, शब्द पाळायला मेंदूचा जो भाग लागतो, तोच आधी ढिला पडतो. म्हणून शपथा वाढवून काही होत नाही. पहिला पेग टाळण्याची व्यवस्था करावी लागते: पैसे आले त्या दिवशी सोबत कोण, वाट कुठली, संध्याकाळी सहा ते आठ काय करायचं.

खोटेपणाची पानंही नीट वाचा. बाटली कुठं दडवायचो, उधारी कशी फिरवायचो, कुणाच्या नावानं पैसे मागायचो हे लेखक उघड करतो. ते वाचून घरी झडत्या सुरू करू नका. झडतीनं दडवण्याची जागा बदलते, पिणं बदलत नाही. त्या पानांवर शोधायची असते ती भीती: सकाळी उठल्यावर अंग थरथरेल ही भीती. सकाळचा उतारा मजेसाठी नसतो. तो थरथर थांबवायला असतो. तुमच्या घरात सकाळी चहाआधी दारू लागत असेल, तर पुढचा भाग दोनदा वाचा.

अचानक बंद करणं: इथं पुस्तकाचं ऐकू नका

गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या आत्मकथांत ‘टर्की’चं प्रकरण असतंच. खोलीत कोंडून घेतलेला माणूस, जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, हाडं मोडल्यासारखी दुखणं, जुलाब. शेवटच्या डोसानंतर ८ ते १२ तासांत हे सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. फार हाल होतात, पण एरवी धडधाकट माणूस त्यानं क्वचितच दगावतो. हे वाचून घरचे ठरवतात: आपणही याला चार दिवस कोंडू, दारू उतरेल.

दारूचं तसं नाही. दारू मेंदूचं काम मंदावते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तो दाब तोलायला स्वतःला सतत उत्तेजित ठेवायला शिकतो. उतारावर ब्रेक दाबून चाललेला उसाचा भरला ट्रॅक्टर, आणि ब्रेकवर मात करायला पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर, असं ते चाललेलं असतं. दारू एकदम थांबली की ब्रेक सुटतो आणि ॲक्सिलरेटर तसाच राहतो.

शेवटच्या घोटानंतर ६ ते ८ तासांत हात थरथरतात, घाम, मळमळ, धडधड सुरू होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या दिवसानंतर, बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, काहींना डेलिरियम होतो: दिवस-रात्र कळत नाही, घरातली माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, अंथरुणावरचे न दिसणारे किडे झटकत राहतो, भिंतीवर माणसं दिसतात. यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस मरतो.

आपल्या भागात हे कसं घडतं ते बघा. गावच्या यात्रेत सगळ्यांसमोर माळ घातली, किंवा श्रावण लागला म्हणून त्याच दिवसापासून बंद केली. घरात आनंद. तिसऱ्या रात्री तो कोपऱ्यातल्या कुणाशी तरी बोलायला लागतो. मग ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ म्हणून देवऋषी, अंगारा, आणि हातातले मोलाचे तास जातात. माळ घालण्याला आमचा विरोध नाही, त्या निश्चयाचं मोल मोठं आहे. फक्त रोज पिणाऱ्यानं, विशेषतः सकाळी उतारा लागणाऱ्यानं, माळ घालण्याआधी डॉक्टरांकडे जावं. दुसरा प्रसंग दवाखान्यातला. पाय मोडला, ऑपरेशन झालं, दारू आपोआप बंद पडली आणि तिसऱ्या दिवशी पेशंट सलाईन उपटून पळायला लागला. लाजेपोटी घरच्यांनी पिण्याचं सांगितलेलंच नसतं. भरती करतानाच सांगा: रोज किती, शेवटची कधी.

डॉक्टर काय करतात? क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, अशा गोळ्या लक्षणं पाहून सुरू करतात आणि आठवडा-दहा दिवसांत कमी करत बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, बऱ्याचदा इंजेक्शननं. ते का, हे घरच्यांना माहीत असावं. पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ चा दुष्काळ असतो. अशात नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं ब-१ संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते: गोंधळ, डोळ्यांची विचित्र हालचाल, तोल जाणं, आणि पुढं आठवणी न टिकणं. म्हणून ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ असं गल्लीतल्या दवाखान्यात सांगण्याआधी दारूचं सांगा. या गोळ्या स्वतः मेडिकलमधून आणून देऊ नका. दारूवर पडल्या तर श्वास मंदावतो.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान हलवा, घड्याळ बघा आणि १०८ ला फोन लावा. कांदा, चप्पल, तोंडात चमचा, काही नको. आणि डॉक्टरपर्यंत पोचायला वेळ लागणार असेल, थरथर वाढत असेल, तर तेवढ्या काळापुरतं पूर्ण बंद करण्याचा हट्ट धरू नका. घरच्यांना हे ऐकायला विचित्र वाटतं, पण अशा वेळी एकदम तोडण्यापेक्षा थोडी चालू राहणं कमी धोक्याचं असतं.

‘न सांगता दारू सोडवा’

एसटी स्टँडच्या भिंतीवर ही जाहिरात कुणी पाहिली नाही? काही आत्मकथांतही आईनं भाजीतून पूड घातल्याचा प्रसंग येतो आणि लेखक तो मायेनं सांगतो. पुडीत काय असतं ते विकणाराच जाणे. डायसल्फिराम असेल, तर ते दारूचं विघटन मधेच अडवतं. अंगात ॲसिटाल्डिहाइड साठतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस यात जाऊ शकतो. हे औषध चांगलं आहे, पण माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, शेवटच्या दारूनंतर किमान १२ तासांनी, यकृत तपासून द्यायचं असतं. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधंही आता मिळतात. जुन्या पुस्तकांत त्यांचं नाव नसेल, म्हणून ती नाहीत असं समजू नका.

असाच दुसरा प्रसंग साखळीचा. ‘मला बांधून ठेवलं म्हणून मी वाचलो’ असं लेखक लिहितो, आणि ते त्याच्यापुरतं खरंही असेल. पण मानसिक आरोग्य कायदा २०१७ नं साखळीनं बांधायला बंदी केली आहे, आणि दारू-अमली पदार्थांमुळे आलेल्या मानसिक अवस्थाही त्या कायद्याखाली येतात. केंद्र निवडताना विचारा: नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, पहिल्या आठवड्याचे औषधोपचार कुठं होतात, भेटायला आणि फोनवर बोलायला देतात का. भेटू न देणारं केंद्र नको. साताऱ्यात परिवर्तन ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करते, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही सुरुवात करता येते.

नशा बदलली की पुस्तकही बदलतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मेफेड्रोनचा साठा पकडला गेला. ही एमडी नावाची पूड उत्तेजक आहे. ती बंद केल्यावर टर्की लागत नाही, माणूस दिवसचे दिवस झोपतो, उदास होतो, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, संशय राहतो. गर्दची आत्मकथा वाचून एमडीवाल्या मुलाकडे बघाल तर ‘याला काही झालेलंच नाही’ असं वाटेल. आणि गर्दवाला काही आठवडे कोरडा राहून परत पहिल्याइतकाच डोस घेतो तेव्हा शरीराची सवय गेलेली असते, आणि तोच डोस जीव घेऊ शकतो. सुटून आल्यानंतरचे आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे.

घसरण्याची पानं आणि न लिहिलेली पानं

बऱ्याच पुस्तकांत शेवटच्या तीस पानांत वर्षं भराभर जातात. प्रत्यक्षात तीच सगळ्यात लांब असतात. स्लिपबद्दल, म्हणजे सोडल्यावर पुन्हा घोट घेतल्याबद्दल, लेखकानं जिथं सावकाश लिहिलंय ती पानं शोधा. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी काहीतरी आधी हजर असतं. तलफेची लाट बहुधा पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात उतरते, तेवढा वेळ फोन, चालणं, पोटभर जेवण यात काढता येतो. एकदा घोट घेतल्यावर ‘आता गेलंच सगळं’ हा विचार त्या घोटापेक्षा जास्त नुकसान करतो. त्याच दिवशी केंद्रात फोन गेला तर घसरण एका दिवसाची राहते.

बायकोची बाजू या पुस्तकांत फार कमी येते. ती एकतर देवी असते, नाहीतर ‘माहेरी निघून गेली’ या एका ओळीत संपते. ‘तिच्यामुळे मी सुटलो’ हे वाक्य वाचून कितीतरी बायका स्वतःला दोष देतात: मग माझा का सुटत नाही? त्याचं पिणं तुमच्यामुळे सुरू झालेलं नाही आणि तुमच्या एकटीच्या सोसण्यानं थांबणारही नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन ही संघटना १९५१ पासून आहे, व्यसनमुक्ती केंद्रांतही बायकांचे वेगळे गट चालतात. तो उपचाराला येवो न येवो, तुम्ही जाऊ शकता.

पुस्तक त्याला वाचायला द्यावं का? नुकतीच सोडलेल्याला पहिले दोन-तीन महिने नको. ग्लासातला बर्फ, पहिल्या घोटाची ऊब, मित्रांची बैठक यांची चांगली लिहिलेली वर्णनं तलफ जागी करतात. पुढं द्यायचंच तर सोडल्यानंतरच्या भागापासून द्या, आणि ओळी अधोरेखित करून देऊ नका. अधोरेखित पुस्तक म्हणजे त्याला आरोपपत्र वाटतं. नुसतं ठेवा, विचारलं तर बोला.

वाचता वाचता आपलंच घर दिसायला लागलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ किंवा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ लावा, दोन्ही फुकट आहेत. फोनआधी कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: रोज काय आणि किती, शेवटची किती तासांपूर्वी, आधी कधी फिट किंवा भास झालेत का, झोपेच्या वा दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का, आणि कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी यातलं काही झालंय का. यातली शेवटची गोष्ट ‘हो’ असेल, किंवा आत्ता फिट, ताप, भ्रम असेल, तर फोनवर थांबू नका, १०८ बोलवून थेट मोठ्या दवाखान्यात न्या.